निरोप पोचला होता

बाबा,

तुझं बारावं होऊन पाच दिवस झाले आणि आज मी पहिल्या पाळीला जाऊन आलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तू तीन दिवस माझ्याशी बोलला नसतास. रजा संपली होती. बाप गेल्याची वेगळी रजा आमच्याकडे नसते, ती आपल्याच रजेतून कापतात. हे ऐकून तू म्हणाला असतास, "म्हंजे मेलो ती पन माझीच चूक." आई तुला ओरडली असती आणि मी चपला पायात सरकवून बाहेर पडलो असतो. आपल्या घरातली निम्मी भांडणं अशीच संपायची. संपायची म्हणजे काय, तिथेच पडून राहायची.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. भाद्रपदातल्या पौर्णिमेला बांधाला खांड गेली, त्या दिवशी तू पाठवलेला निरोप मला पोचला होता. दुपारी अडीचच्या सुमाराला, कंपनीच्या गेटवर, शेजारच्या नामाच्या तोंडून. तू गावभर सांगत राहिलास की नाही पोचला. मी ऐकत राहिलो. दोन महिने ऐकत राहिलो, आणि मग तू गेलास.

तुझ्यासारखं बांधाला जीव लावणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि त्या बांधाचा माझ्याइतका राग केलेलाही कुणी पाहिला नाही. आपलं गाव वडखळच्या पुढे, खाडीच्या अंगाला. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी वर आणि आपली शेतं खाली, मध्ये फक्त मातीचा बांध. तो आहे तोवर भात आहे. तो फुटला, म्हणजे खांड पडली, की खारं पाणी आत, आणि पुढचे दोन-तीन पावसाळे त्या जमिनीत गवतसुद्धा धड उगवत नाही. म्हणून जोळ. घरटी एक माणूस, बिनमजुरीचा. उन्हाळ्यापर्यंत बांधाला माती चढवायची आणि खांड गेली की हातातला घास टाकून धावायचं. ज्याचं शेत खांडीला लागून, त्याच्या घरचा माणूस खांडीच्या तोंडाशी उभा राहणार. बदली मजूर चालत नाही. मी एकदा तुला म्हटलं होतं की मी पैसे देतो, कातकरवाडीतला एखादा गडी लाव. तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी आईसाठी बदली नवरा लाव म्हणालो होतो.

"भाड्याचा मानूस भरती बघून पलतो," तू म्हणालास. "त्याचा काय चुकतो? त्याचा शेत नाय तिथं."

मी शाळेत जायच्या आधीपासून तू मला बांधावर अनवाणी चालवलंस. डोळ्यांनी नाही, तळपायांनी बघ म्हणायचास. खेकडा बीळ करतो, बिळातून पाणी झिरपतं, तिथली माती बाकीच्या मातीपेक्षा गार लागते. गार लागलं की थांबायचं, बीळ शोधायचं, चिकण माती ठासायची आणि टाचेने दाबायची. "खांड कवा एकदम जात नाय. आधी बोटाएवढी जाते." हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

आणि मग सातवीतला तो सहामाहीचा गणिताचा पेपर. मी एसटीच्या थांब्याकडे अर्ध्या वाटेवर होतो, अंगावर इस्त्रीचा सदरा, आणि तू मागून हाका मारत आलास. बांध पाझरत होता. गावातले निम्मे पुरुष मिठागरावर आणि निम्मे पेणला गेलेले. मी रडत माती वाहिली. सदरा गेला, पेपर गेला. संध्याकाळी तू म्हणालास, "पेपर परत व्हईल, बांध परत व्हत नाय." पेपर परत झाला नाही, बाबा. मास्तरांनी शून्य मांडलं आणि वर्गात उभं करून विचारलं की तुझ्या बापाला काय कळतं. मी म्हणालो, काही नाही. मी तुझ्यावर तेव्हापासून डूख धरून होतो. त्याच वर्षी ठरवलं की मी असं काम करीन जे भोंगा झाला की संपतं.

तसं काम मिळालं. रोह्याला, केमिकल कंपनीत, पाळीचं. पहिली सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, तिसरी अकरा ते सात. सहा वर्षं टेम्पररी. तू दर वेळी एकच विचारायचास, "तिकरं बनवतंस काय?" मी सांगायचो, रंगाला लागणारी पावडर. "कुठचा रंग?" ते मला माहीत नव्हतं. आमची पावडर पिंपांतून गुजरातला जाते, तिथे तिचं आणखी काही होतं, मग आणखी कुठे. मी फक्त एका मोठ्या बंद भांड्याची उष्णता आणि दाब बघायचो. लोकांनी विचारलं की तू सांगायचास, "पोर्‍या काटा बघतो." लोक समजायचे वजनकाट्यावर आहे. तू दुरुस्त करायचा नाहीस. तुलाही नक्की ठाऊक नव्हतं म्हणून, की तुला लाज वाटायची म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं लाजच. म्हणून मी घरी येणं कमी केलं.

एकदा तू न कळवता रोह्याला आलास. सुकटाची पिशवी घेऊन सकाळी साडेसहाला गेटवर हजर. म्हणालास, काम बघायचं आहे. वॉचमन म्हणाला, पास लागतो. तू म्हणालास, बापाला पास? मी शरमेने अर्धमेला झालो आणि तुला म्हटलं, घरी जा, सुनीता चहा करील. तू गेला नाहीस. बाहेरच्या बाकावर बसून राहिलास, तीन वाजेपर्यंत. सबंध पाळी काय असते ते तुला बघायचं होतं म्हणे. मी बाहेर आलो तर तू उठलास, पाठीला हात लावून सरळ झालास आणि म्हणालास, "आठ तास तू आत व्हतास, मी भायेर. दोगांनी काय केला ता कोनालाच दिसला नाय."

मी भडकलो. स्टँडवर, चार लोकांत, तुला म्हणालो की निदान मला त्याचे पैसे मिळतात. तुझ्या बांधाने तुला काय दिलं? गुडघे दिले. आईच्या अंगावर कधी सोनं आलं नाही. घराला सिमेंट लागलं ते माझ्या पगारातून, गॅस आला तो माझ्या पगारातून. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एसटीत चढलास. खिडकीतून म्हणालास, "सुकट दमट झालीय. वाळवायला सांग सूनबाईला." त्या बोलण्याबद्दल मी माफी मागितली नाही. आजही मागत नाही, कारण त्यातलं खोटं काहीच नव्हतं. पण ते स्टँडवर बोलायला नको होतं. दिवसभर तू काही खाल्लं होतंस का, हे आधी विचारायला हवं होतं.

एक चांगलंही सांगायचं राहिलं. गेल्या उन्हाळ्यात तिसऱ्या पाळीला मी भांड्याखालून जात होतो आणि एका पाइपाच्या जोडाखाली थांबलो. काटे सगळे बरोबर होते. पण जोडाखालची जमीन जरा गार, जरा ओली वाटली, बुटातूनसुद्धा. मी हातातलं काम सोडून शोधलं, तर वर केसाएवढी चीर, आणि तिच्यातून बाहेर यायला नको ती चीज थेंब थेंब गळत होती. प्लांट बंद केला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं की काटे ठीक असताना तुला कळलं कसं. मी म्हणालो, अनुभव. बाबा, तो अनुभव माझा नव्हता. तुझं नाव घ्यायला माझी जीभ झिजली असती काय? साहेबांना सांगितलं नाही ते नाही, तुलाही सांगितलं नाही. तू उगाच फुगशील असं वाटलं. आता वाटतं, फुगला असतास तर काय बिघडलं असतं.

आता पौर्णिमेचा दिवस.

त्या महिन्यात परमनंटची यादी लागणार होती. आम्ही अठरा जण, जागा सहा. साहेब काही बोलले नव्हते, पण या महिन्यात जो नाही म्हणेल त्याचं नाव खाली जाईल हे झाडूवाल्यालाही कळत होतं. माझी पहिली पाळी होती. अडीचला वॉचमनने बोलावलं. गेटवर नामा, शेजारच्या काशिनाथदादांचा, जो दुधाचा टेम्पो चालवतो. दुपारच्या भरतीला खांड गेली होती, आपल्याच शेतासमोर. ओहोटी लागली की भरायला घेणार होते. संध्याकाळपर्यंत जेवढी भरेल तेवढी, त्यानंतर पुढची भरती. नामा म्हणाला, "काकांनी सांगितलाय, तीनला सुटलास की तसाच टेम्पोत बस. मी थांबतो."

मी मोकळा होतो, बाबा. तीनला सुटून पाचला बांधावर पोचलो असतो, पाणी अजून उतरत असताना. पण पाच मिनिटांपूर्वीच साहेब म्हणाले होते की दुसऱ्या पाळीचा माणूस येणार नाही, थांबतोस का? मी अजून उत्तर दिलं नव्हतं. नामाला म्हटलं, दोन मिनिटं थांब. आत गेलो आणि साहेबांना म्हणालो, थांबतो. कुणी माझा हात पिरगळला नव्हता. बाहेर आलो आणि नामाला म्हणालो, "साहेबांनी थांबवलंय. मी भेटलो नाही म्हणून सांग. पाळी बदलली होती, कुठे गेला ते कळलं नाही म्हणून सांग."

नामाने विचारलं, "सांगू तसा?"

"सांग."

"बरं," म्हणाला आणि टेम्पो वळवला.

मी अकरापर्यंत काटा बघितला. तिकडे तू माझ्या जागी उभा राहिलास, खांडीच्या तोंडाशी, सदुसष्टाव्या वर्षी, छातीएवढ्या चिखलात. वाकून येणारे मातीचे गोळे घ्यायचे आणि पायाखाली दाबायचे, हे पंचविशीतल्या माणसाचं काम. दिवेलागणीनंतर खांड भरली. गावाची शेतं वाचली. आपलं शेत तेवढं आधीच खारं झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा तू ओट्यावर गोधडी घेऊन बसला होतास, दात वाजत होते, आणि समोर जोळीतले चौघे-पाच जण. मी पायरी चढत होतो आणि तू त्यांना सांगत होतास, "त्याला निरोप गावला नाय. नामा जाऊन आला, ह्यो पाळी बदलून गेलेला. गावला असता तर धावत आला असता." मग माझ्याकडे बघून, "व्हय ना रे?"

मी म्हणालो, हो.

त्या दिवसापासून तुझी छाती भरली ती रिकामी झाली नाही. पेणच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की हृदय आधीपासूनच दमलेलं होतं, चिखलाचं निमित्त. मी ते वाक्य गेले कित्येक दिवस तोंडात घोळवतोय. चिखलाचं निमित्त. चांगलं वाक्य आहे, झोप मात्र येत नाही त्याने.

दवाखान्यात मी तुला परमनंटचं पत्र दाखवायला आणलं होतं. यादीत माझं नाव चौथं होतं. तू म्हणालास, वाच. इंग्रजी होतं, मी मराठी करून सांगत गेलो. पगार, रजा, गणवेश. शेवटी एक ओळ होती, ती मी गाळणार होतो, पण तू कागदावर बोट ठेवून विचारलंस की एवढ्याशा अक्षरात काय लिहिलंय. सांगावं लागलं, की कंपनी एक महिन्याची सूचना देऊन कामावरून कमी करू शकते.

तू खूप वेळ खोकलास. मग म्हणालास, "म्हंजे परमनंट एक म्हयन्याचा."

"तसं सगळ्यांच्याच पत्रात असतं, बाबा."

"आसल." थोड्या वेळाने तू विचारलंस, "पन झाला ना? पक्का?"

"झालं."

"मग बरा झाला."

मला वाटलं, बापाने एकदाची नोकरी मान्य केली. सहा वर्षांनी एकदा. मी इतका सुखावलो की येताना आईसाठी स्टँडवरून केळी घेतली. सुनीतालाही सांगितलं, बाबा खूश आहेत. चौथ्या दिवशी तू गेलास. मी दुसऱ्या पाळीला होतो.

बाराव्याला जेवणं उरकल्यावर नामा मागच्या दारी हात धूत होता. मी त्याला म्हणालो, तू त्या दिवशी माझं काम केलंस, मी विसरणार नाही. त्याने हात पुसले नाहीत. म्हणाला, "दादा, मी नाय केला." मला कळेना. "मना जमला नाय. काका चिखलात उभे, त्यांच्या जागी मानूस नाय दुसरा. विचारला, गावला काय? मी सांगितला, गावला, पन येत नाय, साहेबांनी थांबवलाय. तू काय सांगायला लावलास ता पन सांगितला. ता आयकून काकांनी हातातला गोला पायाखाली दाबला. मंग मनाच बोलले, वरती कोनाला सांगू नको. मी बघतो."

मी मागच्या दारीच बसलो. उष्ट्याची पातेली तिथेच होती.

म्हणजे तुला माहीत होतं. त्या चिखलात उभं असल्यापासून. ओट्यावर त्या चौघांना सांगताना माहीत होतं, माझ्याकडे बघून "व्हय ना रे" म्हणालास तेव्हा माहीत होतं, आणि मी हो म्हणालो. दवाखान्यात "पक्का झाला ना" असं विचारलंस, ते कशाच्या बदल्यात काय मिळालं तेच विचारत होतास. आणि बरं झालं म्हणालास. बाबा, तू मला शिव्या घालायला हव्या होत्यास. मला निदान भांडता आलं असतं. मला तुझा राग आला, बाराव्याच्या दिवशी, पातेल्यांपाशी बसून. एवढं मोठं पांघरूण कुणी घालायला सांगितलं होतं तुला?

काल संध्याकाळी देवळात जोळीची बैठक होती. कापणी झाली, आता बांधाला माती चढवायची. घराघरातून कोण उभं राहणार त्याची नावं घ्यायची होती. तुझ्या जागी आपल्या घरातून बोलायला मी गेलो. हसुरामकाका वही घेऊन बसले होते. त्यांनी आपल्या घराचं नाव घेतलं आणि मी उभा राहिलो. मी म्हणालो, "आधी एक सांगायचं आहे. खांड गेली त्या दिवशी निरोप मला पोचला होता. बाबांनी तुम्हाला सांगितलं ते खरं नव्हतं."

हसुरामकाकांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला. "ठाव हाय," म्हणाले. "बस खाली."

"ठाऊक आहे?"

"अरे, नामा परत आलेला आमी बघितला. त्याचा तोंड बघितला. तुझ्या बापाचा बघितला. तुझा बाप जल्मात एकदा खोटा बोलला, तो पन पोरासाठी. त्याला उघडा पाडायला जायचा व्हता काय आमी?"

मी बसलो नाही. मला वाटलं आता कुणीतरी बोलेल, काशिनाथदादा तरी, खांड भरताना दुखावलेल्या ज्यांच्या खांद्याला अजून पट्टा आहे. काकांनी चष्मा चढवला आणि वहीवर पेन्सिल टेकवली. "अमावास्येपास्नं माती काढायची. तुझा नाव लिवू?"

मी खिशातला पाळ्यांचा तक्ता काढला. देवळात, बाबा, सगळ्यांसमोर घडी उलगडून बघितला, कारण मला खरंच माहीत नव्हतं. त्या आठवड्यात दुसरी पाळी. त्याच्या पुढच्या आठवड्यात पहिली. रविवारची सुट्टी पुढच्या महिन्यापर्यंत नाही. मी लिहा म्हणू शकलो असतो. मान हलवून, वहीत नाव घालून घेऊन, आयत्या वेळी नामाकडून निरोप पाठवता आला असता. ते मला छान जमतं.

"नाही, काका," मी म्हणालो. "सुट्टी पडली तर येईन. पण नाव लिहू नका. त्यावर भरवसा ठेवू नका."

"आनी खांड गेली तर?"

"पाळी असेल तर नाही येणार."

आवाज माझाच होता, पण असं इतकं सरळ मी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. तुला तर कधीच नाही. काका वहीवर वाकले. त्यांनी आपल्या घरापुढे आडवी रेघ मारली, एकच, हळू. आजोबांच्या आधीपासून त्या यादीत आपलं घर होतं. कुणी शिवी दिली नाही, कुणी थुंकलं नाही. "बरं," म्हणाले, आणि पुढच्या घराचं नाव घेतलं.

मी बाहेर आलो. तुझ्या जागी आता कुणाला उभं करणार, ते मी विचारलं नाही. विचारायचा हक्क राहिला नव्हता. आईला अजून सांगितलेलं नाही. आज तीनला सुटलो की सांगायचं ठरवलं होतं, आता तुला सांगून झालं, उठतो आणि सांगतो. तू असतास तर म्हणाला असतास की आधी मला विचारायचा व्हतास, मी काय तरी जमवला असता. जमवलं असतंस, मला ठाऊक आहे. पण काल देवळात माझ्यासाठी तुला खोटं बोलावं लागलं नाही.